पाण्याच्या दुसऱ्या दिवशी

मला गप्प बसता येत नाही. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मी शिकायला घेतलं ते काम नेमकं असं, की त्यात निम्मा वेळ गप्पच बसावं लागतं. समुपदेशनाच्या कोर्सला नंबर लागला तेव्हा आई हसत सुटली. "ही लोकांचं ऐकून घेणार? हिचं ऐकून लोक बेजार झालेत!" चुलते मला येड्यांची डॉक्टरीण म्हणायला लागले. मी म्हटलं, म्हणा खुशाल, पहिला नंबर तुमचाच लावते.

आमचं गाव बिडकीनच्या पुढं. दुष्काळाची वर्षं होती ती. विहिरींचे तळ उघडे पडले होते, मोसंबीच्या वाळलेल्या बागा लोक तोडून टाकत होते, आणि त्याच रस्त्यानं कारखान्यांसाठी जमिनी मोजणाऱ्यांच्या गाड्या धुरळा उडवत जायच्या. आमची थोडी जमीन गेली, थोडी राहिली. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शिक्षणाचं वावडं नव्हतं. पण माझं एम.ए. झालं होतं, वय वाढत होतं, आणि पैठणकडचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा बरा होता, खोटं कशाला बोलू? त्याच्या घरच्यांना मात्र दवाखान्यात असल्या लोकांबरोबर बसणारी सून नको होती. कोर्सच्या शेवटच्या वर्षी अण्णांनी मला ओट्यावर बसवलं आणि सांगितलं, "हा एक उन्हाळा तुझा. पास झालीस, लायसन हातात आलं, तर तू म्हणशील तसं. नाय झालीस, तर मी म्हणेन तसं. मग रडायचं न्हाई." मी म्हटलं, "ठरलं." आमच्या घरात ठरलं म्हणजे ठरलं.

अण्णा ज्याला लायसन म्हणत होते ती नोंदणी मिळायची, तर एक केस पूर्ण करावी लागायची. पूर्ण म्हणजे पहिल्या भेटीपासून निरोपाच्या भेटीपर्यंत. निरोपाच्या भेटीला आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम स्वतः हजर असायच्या, मग त्यांची सही, मग बाहेरच्या परीक्षकांपुढं तोंडी परीक्षा. निरोपाची भेट झाली नाही तर केस अपुरी, आणि अपुऱ्या केसवर परीक्षेला बसता येत नसे. मग सहा महिने थांबा, नवी केस घ्या, पुन्हा पहिल्यापासून.

आमचा वर्ग एका दवाखान्याच्या मानसोपचार विभागात भरायचा. मॅडम पुण्याच्या. बारीक अंगाच्या, सुती साडी, आवाज कधी चढायचा नाही. एरवी मला 'तू' म्हणायच्या, रागावल्या की 'तुम्ही'. समुपदेशनाच्या खोलीत एका भिंतीला मोठा आरसा होता. आतून आरसा, पण पलीकडून खिडकी. जमेल तेव्हा मॅडम पलीकडं बसून आमचं सगळं बघायच्या, ऐकायच्या, आणि नंतर एकेक वाक्य काढून विचारायच्या, हे का बोललीस? माझ्या बाबतीत हा प्रश्न लई वेळा यायचा. "ती रडत होती, तू बोललीस. ती विचार करत होती, तू बोललीस. बाई गं, तिला श्वास तरी घेऊ दे." मी जीभ चावून खोलीवर परत यायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

माझ्या वाट्याला जी आली ती माझ्याच वयाची होती. कुणाला ओळखू येऊ नये म्हणून मी तिच्याबद्दल बेतानंच सांगणार आहे. हर्सूलकडं तेव्हा शेतं मोडून प्लॉट पडत होते, त्यातल्याच एका नव्या कॉलनीत ती राहायची. नवरा वाळूजला कंपनीत पाळीवर, सासू गुडघ्यांनी अधू. हिला छातीत धडधडायचं, हात कापायचे, एकदोनदा स्वयंपाक करता करता चक्कर येऊन पडली. हृदयाच्या डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं, काही नाही, झोप घ्या. झोपच तर येत नव्हती! मग कुणीतरी आमच्याकडं पाठवलं.

पहिल्या भेटीला सासू बरोबर आली आणि खुर्ची ओढून सुनेच्या पुढं बसली. मी सुनेला विचारायची, उत्तर सासू द्यायची. झोप कशी लागते? "काय नाय लागत तिला." जेवण? "लई कमी." मी थोडा वेळ सोसलं आणि म्हटलं, "मावशी, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

"काहून? मी काय परकी हाय व्हय?"

"परक्या नाही. पण दुखतंय त्यांना आणि सांगताय तुम्ही."

म्हातारी फणकाऱ्यानं उठून गेली. आरशामागं मॅडमनी कपाळाला हात लावला असणार. पण दार लागलं आणि ही पोरगी एवढी खुदकन हसली, की मला तिथल्या तिथं ती आवडली. मग तिनं आरशाकडं बघून हात जोडले. "मॅडम, नमस्कार." मी तिला सांगून ठेवलं होतं ना, आरशामागं कोण आहे ते.

बुधवारी सकाळी अकरा, अशी तिची वेळ ठरली. दर आठवड्याला तोच वार, तीच वेळ. हा मॅडमचा पक्का नियम. मनाला ठरलेल्या वेळेची सवय लागते, तिथं ते हळूहळू मोकळं होतं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते चुकीचं नव्हतं. पण ही बाई एका बुधवारी आली, पुढच्या बुधवारी नाही. मग आली, मग सलग दोनदा नाही. मी रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहायची आणि माझं डोकं तापायचं. मॅडमनी तिच्या केसवर शेरा दिला, टाळाटाळ. जे बोलायचंय त्याच्या जवळ आली की ती पळते, अजून एकदा चुकली तर केस बंद कर आणि दुसरी घे. उन्हाळा पुढं सरकत होता. दुसरी केस घेतली असती तर ती वेळेत पुरी होणार नव्हती, हे मला आणि मॅडमना, दोघींनाही कळत होतं.

पुढच्या वेळी ती आली तेव्हा मी सरळच विचारलं, "मागच्या बुधवारी कुठं होतात?"

"पाणी आलतं ना, ताई."

बस्स. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या वर्षांत शहरात नळाला रोज पाणी नव्हतंच. चार-पाच दिवसांनी यायचं, कधी आठवडाही निघायचा, आणि वेळ म्हणाल तर देवाला ठाऊक. जायकवाडीचं धरण आटलेलं, शहर वाढतच चाललेलं. मी क्रांती चौकाजवळच्या गल्लीत भाड्यानं राहायची, तिथंही तीच तऱ्हा. पाण्याच्या दिवशी लग्नाला जात नसत लोक, दवाखान्यात तर सोडाच. त्या दिवशी जी बाई घरात नाही, तिच्या घराला पुढचे चार-पाच दिवस पाणी नाही. मग तिचा वार बुधवार कसा असणार? तिचा वार पाण्याच्या मागं फिरत होता.

मॅडमना सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "पाणी हे सांगायचं कारण असतं. खरं कारण आत असतं."

आणि माझं तोंड सुटलं. "मॅडम, तुमच्या सोसायटीत बोअर आहे, वर टाकी आहे, तोटी फिरवली की पाणी. तुम्हाला ते सांगायचं कारण वाटणारच. आम्हाला पाणी म्हणजे पाणीच असतं!"

खोलीत आम्ही चौघीजणी शिकणाऱ्या होतो. बाकीच्या तिघी फरशीकडं बघायला लागल्या. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तुमचं काय म्हणणं आहे?" तुम्ही! गेली माझी केस, गेलं सगळं, असं वाटलं. पण आता सुरुवात केलीच होती. मी म्हटलं, "वार सोडू. पाण्याच्या दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, ही तिची वेळ. त्या दिवशी घर भरलेलं असतं, तिचं डोकं ठिकाणावर असतं."

मॅडमनी वहीत काहीतरी टिपलं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. पण ठरलेलं मोडलं तर केस बंद. आणि निरोपाच्या भेटीची तारीख मात्र मी देईन, ती हलणार नाही."

तेव्हापासून आमचं असं चालायचं. पाणी आलं की तिचा फोन, "ताई, आलं बरं का आज." मी लगेच दुसऱ्या दिवसाची खोली मागून घ्यायची. मैत्रिणी चिडवायच्या, तुझी क्लायंट पंचांग बघून येते का गं? चिडवा. ती एकदाही चुकली नाही.

आणि गंमत सांगू का, मॅडमचंही खरं निघालं. खरं कारण आत होतं, फक्त तेही पाण्याचंच होतं. एकदा ती बोलता बोलता थांबली. माझ्या ओठांवर दहा प्रश्न आले होते. मी हाताची नखं तळव्यात रुतवली आणि गप्प बसले. ती आरशाकडं नाही, माझ्याकडं नाही, खिडकीकडं बघत म्हणाली, "मी तोटी उघडीच ठेवते, ताई. खाली पातेलं. पह्यला थेंब पडला की आवाज यावा म्हणून."

रोज रात्री ती त्या आवाजाची वाट बघत पडून राहायची. पाणी कालच येऊन गेलेलं असलं तरी. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी एकदा तिला गाढ झोप लागली आणि पाणी येऊन गेलं. घरात नणंदेच्या सासरची माणसं उतरलेली. सासूला शेजारी घागर घेऊन जावं लागलं. कुणी आरडाओरडा केला नाही. नवरा फक्त एवढंच म्हणाला, "एवढं एक काम होतं." तेव्हापासून तिचा डोळा लागला की ती दचकून उठायची, छाती धडधडायला लागायची. एवढ्याशा वाक्यानं माणसाची झोप कायमची उडावी?

मला त्या नवऱ्याचा एवढा संताप आला, की आताच फोन करून त्याला चार शब्द सुनवावेत असं वाटलं. मॅडमना तसं बोललेही. "पाळी करून येतो म्हणे दमून. आणि ही काय खुर्चीवर बसून असते का? एक रात्र त्यानं ऐकावा की नळ!"

"तू बोललीस तर ती बोलणार नाही," मॅडम म्हणाल्या. "कायमची तुझ्या तोंडानं बोलेल. तू मिळणार आहेस का तिला कायमची?"

मी कितीक भेटींमध्ये तो सल्ला गिळला, ते माझं मला माहीत. ती विचारायची, "ताई, मी काय करू, तुम्हीच सांगा ना." मी म्हणायची, "तुम्हाला काय हवंय?" ती वैतागायची. "तुम्ही तर सगळं माझ्यावरच ढकलता!" मी मनात म्हणायची, अगं बाई, मला तर तुझ्या घरी येऊन सगळ्यांना रांगेत उभं करावंसं वाटतंय.

मग एका भेटीला तिनं आपण होऊन सासूला आत बोलावलं. मावशी खुर्चीत बसल्या, माझ्याकडं तिरक्या नजरेनं बघत. सून म्हणाली, "आत्या, मला झोप पायजे." एवढंच. आवाज कापत होता, पण वाक्य पुरं केलं तिनं. म्हातारी गोंधळून गेली. "मग झोप की. म्या कवा नको म्हणले?"

"नळ कोण ऐकंल?"

म्हातारीनं तोंड उघडलं आणि मिटलं. मीही मिटूनच ठेवलं होतं. पुष्कळ वेळानं मावशी म्हणाल्या, "त्याला इचारावं लागंल." सून म्हणाली, "मी इचारते. तुम्ही नका इचारू." त्या दिवशी आरशामागून मॅडम बाहेर आल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवून निघून गेल्या. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आनंदानंच.

तिनं नवऱ्याला लगेच विचारलं नाही. आज विचारते, उद्या विचारते, असं चाललं होतं. हात कापणं थांबलं, चक्कर येणं थांबलं, पण झोप अजून आली नव्हती. तेवढ्यात मॅडमनी निरोपाच्या भेटीची तारीख दिली. त्या दिवशी दुपारी मॅडम सगळ्या केसेसच्या फायली घेऊन पुण्याला निघणार होत्या, कारण तोंडी परीक्षा तिकडंच होती. म्हणजे सकाळी अकराची भेट, बाराला सही, नाहीतर सहा महिने. मी तिला सांगितलं, या वेळी पाण्याकडं बघू नका. ती म्हणाली, "येते ताई, काय बी होऊ द्या." त्या आठवड्यात कुठंतरी मोठी पाइपलाइन फुटली आणि शहराचं पाण्याचं सगळं वेळापत्रकच बिघडलं. पण तिच्या शब्दावर माझा भरवसा होता.

अकरा वाजले. खुर्ची रिकामी. सव्वाअकरा. मॅडम आरशामागून उठून आत आल्या. त्यांच्या हातात माझी केस होती, पेन उघडं होतं. "फोन कर," त्या म्हणाल्या.

मी फोन लावला. सासूनं उचलला.

"मावशी, मी बोलतेय. त्या निघाल्या का?"

"आगं बाई, ताई तुम्ही व्हय!" म्हातारी कुजबुजत बोलत होती. "झोपलीय ती."

"झोपल्या?"

"रातच्याला तिनं त्याला सांगितलं, आज नळ तू ऐक, मी निजते. त्यो बी व्हय म्हणला, सुट्टी हाय म्हणला. पहाटं पाणी आलं. लई दिवसांनी आलं ना, धो धो. आम्ही मायलेकांनी भरलं. भांडी आपटली, बादल्या ओढल्या, त्यो तर पाइपाला शिव्या देत हुता. ही हालली न्हाई! मी भेले, ताई. नाकाम्होरं बोट धरून पाह्यलं. घोरतीय." मग तिला एकदम आठवलं असावं. "आज तिला तुमच्याकडं यायचं हुतं न्हाई का? थांबा, उठवते. रिक्षानं अर्ध्या घंट्यात घेऊन येते. उठवू का?"

अर्धा तास. बाराच्या आत. सही झाली असती. परवा परीक्षा, मग नोंदणी, मग अण्णांपुढं ताठ मानेनं उभी राहिले असते. 'उठवा' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता, मी कशाला नाकारू? मॅडम माझ्याकडं बघत होत्या. फोनवरचं सगळं त्यांना ऐकू जात होतं. त्या काही म्हणाल्या नाहीत, हो नाही की नको नाही.

"नका उठवू, मावशी," मी म्हटलं. "झोपू द्या त्यांना. उठल्या की सांगा, ताईंनी विचारलंय म्हणून. आणि जेवायला घाला काहीतरी गरम."

"मग तुमचं?"

"माझं बघते मी."

मी फोन ठेवला. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "तुला कळतंय ना, मला यावर सही करता येणार नाही."

"करू नका, मॅडम."

"सहा महिने."

"हो. नवी केस द्या. सोमवारपासून येते."

त्यांनी माझी केस बाजूला काढून टेबलावर ठेवली आणि बाकीच्या तिघींच्या फायली पिशवीत भरल्या. दारापाशी जाऊन थांबल्या. "तिची निरोपाची भेट घे मात्र. पाण्याच्या दुसऱ्या दिवशी. ती परीक्षेसाठी नसते." मग त्या गेल्या, आणि मी त्या खोलीत एकटी ढसाढसा रडले. राग आला होता, नळाचा, पाइपलाइनचा, नियमाचा, आणि त्याच वेळी ती घोरतेय हे आठवून हसूही येत होतं.

अण्णांना फोन मीच केला. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं.

"अण्णा, परीक्षा राहिली."

"नापास झालीस?"

"बसलेच नाही. अजून सहा महिने लागतील."

अण्णा गप्प. मीही गप्प. पूर्वी मी त्या वेळात शंभर कारणं सांगितली असती. शेवटी तेच म्हणाले, "ठरलं हुतं आपलं."

"ठरलं होतं. मी मोडतेय. रागवा, शिव्या द्या, पण मी गावाकडं येत नाही. मला हे काम येतंय, अण्णा. आज मला कळलं की येतंय."

पलीकडं त्यांनी खाकरल्याचा आवाज आला. बाजूला आई काहीतरी विचारत होती, तिला त्यांनी 'थांब' म्हणून गप्प केलं.

"मग त्या पैठणच्या पावण्यांना काय सांगू मी आता?"

"सांगा," मी म्हटलं, "पोरीला सवड न्हाई."